अठरा-सेहेचाळीसच्या गोणीमागचे मोल

डीएपी खताच्या ५० किलोच्या गोणीवर १८:४६:० असे आकडे ठळक छापलेले असतात. महाराष्ट्रातल्या कृषी सेवा केंद्रात शेतकरी हे खत ‘अठरा-सेहेचाळीस’ याच नावाने मागतो. नत्र १८ टक्के, स्फुरद ४६ टक्के, पालाश शून्य. बेरीज होते ६४. मग उरलेल्या ३६ टक्क्यांत काय असते?

दुसरे कोडे याहून अवघड आहे. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट. ‘डाय’ म्हणजे दोन. या संयुगात एका फॉस्फेटला दोन अमोनियम जोडलेले असतात, म्हणजे स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे दोन अणू. या हिशेबाने नत्राचा आकडा स्फुरदाच्या दुप्पट असायला हवा. गोणीवर तर तो निम्म्याहूनही कमी आहे.

दोन्ही कोडी एकाच किल्लीने उघडतात. कारखान्यातला त्याहून मोठा प्रश्नही त्याच किल्लीने सुटतो: एक टन गंधकापासून सुरुवात केली आणि मध्ये चार-पाच रासायनिक पायऱ्या पार केल्या, तर शेवटी किती डीएपी हाती येईल? ही किल्ली म्हणजे मोल.

तराजू वजन सांगतो, रेणू संख्या पाहतात

हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू कोणी मोजत बसत नाही. एका स्क्रूचे वजन ठाऊक असले की ढीग तराजूवर टाकायचा आणि वजनावरून नग काढायचे. रसायनशास्त्रात मोल हेच काम करतो. अणू आणि रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी मोजता येत नाहीत, पण तराजूवर त्यांचा ढीग ठेवता येतो.

मोल हे संख्येचे नाव आहे, जसे डझन. डझनभर हापूस आणि डझनभर लिंबे यांचे वजन वेगळे, पण नग बाराच. मोलमध्ये नग बारा नसतात. ते सुमारे ६०२ च्या पुढे २१ शून्ये इतके असतात. २० मे २०१९ पासून ही संख्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कायमची ठरवलेली आहे. ती पाठ असण्याची गरज मात्र गणितात सहसा पडत नाही. सोय अशी की एखाद्या पदार्थाचे अणुवस्तुमान किंवा रेणुवस्तुमान जो आकडा असेल, तितक्या ग्रॅममध्ये त्याचा बरोबर एक मोल भरतो. गंधकाचे अणुवस्तुमान ३२, म्हणून ३२ ग्रॅम गंधक म्हणजे एक मोल. अमोनियाचे रेणुवस्तुमान १७, म्हणून १७ ग्रॅम अमोनिया म्हणजे एक मोल. दोन्हींत कण तितकेच, वजन मात्र निराळे. कारखान्यात ग्रॅमऐवजी किलो चालतात, तेव्हा मोलऐवजी हजार मोल, म्हणजे किलोमोल, हे माप घेतात. ३२ किलो गंधक म्हणजे एक किलोमोल.

अभिक्रिया नगांवर चालते. एका आम्लाच्या रेणूला अमोनियाचे दोन रेणू लागतात. त्या रेणूंचे वजन किती याच्याशी अभिक्रियेला देणेघेणे नसते. म्हणून किलोंच्या आकड्यांत दडलेले प्रमाण मोलमध्ये उतरताच स्वच्छ दिसते.

गोणीचे कोडे

गोणीवरचा ४६ हा आकडा स्फुरदाच्या मूलद्रव्याचा, म्हणजे फॉस्फरसचा, नाही. तो फॉस्फरस पेंटॉक्साइड या ऑक्साइडच्या रूपात सांगितलेला आहे. खतांच्या विश्लेषणात घटकांचे प्रमाण ऑक्साइडमध्ये लिहिण्याची पद्धत जुनी आहे आणि व्यवहारात ती तशीच टिकली. गोणीत प्रत्यक्षात पेंटॉक्साइडचा एक कणही नसतो. त्याच्या १४२ ग्रॅममध्ये फॉस्फरस असतो ६२ ग्रॅम, म्हणजे दोन मोल.

५० किलोचे ४६ टक्के म्हणजे २३ किलो पेंटॉक्साइड. २३,००० ग्रॅमला १४२ ने भागले की १६२ मोल येतात. प्रत्येकात फॉस्फरसचे दोन अणू, म्हणून फॉस्फरस ३२४ मोल. आता नत्र. ५० किलोचे १८ टक्के म्हणजे ९ किलो. ९,००० ग्रॅमला नायट्रोजनच्या १४ ने भागले की ६४३ मोल. ६४३ भागिले ३२४ म्हणजे १.९८.

हेच ते ‘डाय’. टक्क्यांमध्ये १८ आणि ४६ असे विसंगत दिसणारे आकडे मोलमध्ये जवळजवळ काटेकोर दोनास एक निघाले. गोणीवरच्या नावात आणि आकड्यांत भांडण नव्हतेच.

उरलेल्या ३६ टक्क्यांचा हिशेबही लागतो. शुद्ध डीएपीचे रेणुवस्तुमान १३२. त्यात नायट्रोजन २८, म्हणजे २१.२ टक्के, आणि पेंटॉक्साइडच्या भाषेत स्फुरद ५३.८ टक्के. ही बेरीज ७५ होते. बाकीचे २५ टक्के हायड्रोजन आणि पेंटॉक्साइडच्या हिशेबात न आलेला ऑक्सिजन. बाजारातल्या खतात २१.२ ऐवजी १८ टक्केच नत्र असते, म्हणजे ढोबळमानाने त्यातला ८५ टक्के भाग डीएपी. त्या भागातला हायड्रोजन-ऑक्सिजन सुमारे २१ टक्के भरतो आणि उरलेले १५ टक्के म्हणजे खडकातून आलेली लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमची संयुगे आणि थोडा ओलावा. ६४, २१ आणि १५ मिळून शंभर. शेवटचे १५ टक्के म्हणजे भेसळ नव्हे. खडकापासून खत करताना ते सोबत येतातच.

वाळवंटातून शेतापर्यंत

भारतात वापरल्या जाणाऱ्या डीएपीचा मोठा वाटा आयात होतो आणि सौदी अरेबिया हा त्याचा एक प्रमुख पुरवठादार आहे. तिथल्या मादेन या कंपनीच्या फॉस्फेटच्या खाणी देशाच्या उत्तर सीमेजवळ, अल जलामीद आणि वाद अल शमालच्या परिसरात आहेत. खतकारखाने आखाताच्या किनाऱ्यावर रास अल खैरला. दोहोंमध्ये हजार किलोमीटरहून अधिक रेल्वेमार्ग आहे. गंधक येते ते नैसर्गिक वायू आणि तेल शुद्ध करताना बाहेर काढलेल्या हायड्रोजन सल्फाइडमधून. अमोनियाही नैसर्गिक वायूपासूनच होतो. खडक, गंधक आणि वायू या तिन्ही वस्तू एकाच देशात मिळतात, आणि डीएपीची साखळी तिथे जमली त्याचे हेच कारण.

राजधानी रियाधमधल्या अल मलाझसारख्या वस्त्यांत भारतीय कुटुंबे राहतात, मराठीही. त्यांच्या मुलांच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात मोल भेटतो. साखळीतल्या पायऱ्यांचा हिशेब त्या घरांना दुसऱ्या एका व्यवहारातून आधीच ठाऊक असतो. गावी पैसे पाठवताना रियालचे डॉलर आणि डॉलरचे रुपये असा भाव लागतो. एका डॉलरला ३.७५ रियाल हा दर १९८६ पासून स्थिर आहे. म्हणजे ३७५ रियालचे १०० डॉलर. डॉलरचा भाव ८० रुपये धरला तर ८,००० रुपये. मधले डॉलर कोणी हातात घेत नाही. दोन दर लागोपाठ लावले की काम झाले. अनेक पायऱ्यांच्या अभिक्रियेतही मधले पदार्थ असेच असतात, आणि समीकरणातले अंक म्हणजे त्यांचे विनिमयदर.

पायऱ्या एकामागून एक

पहिली पायरी: गंधक हवेत जाळतात. गंधकाच्या एका मोलपासून सल्फर डायऑक्साइडचा एक मोल. दुसरी: हा वायू सुमारे ४५० अंश सेल्सिअसला व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या उत्प्रेरकावरून नेला की ऑक्सिजनशी जुळून सल्फर ट्रायऑक्साइड होतो. पुन्हा एकास एक. तिसरी: ट्रायऑक्साइडला पाणी मिळाले की सल्फ्युरिक आम्ल, हेही एकास एक. प्रत्यक्षात ट्रायऑक्साइड थेट पाण्यात सोडत नाहीत, कारण आम्लाचे न बसणारे धुके तयार होते. तो आधीच्या संहत आम्लात शोषून घेतात आणि मग पाणी घालतात. मार्ग बदलला तरी शेवटचे प्रमाण तेच राहते.

थोडक्यात, गंधकाचा एक मोल आत गेला की सल्फ्युरिक आम्लाचा एक मोल बाहेर. मधले दोन वायू हिशेबातून गळून पडतात, डॉलरसारखे.

चौथी पायरी निराळी आहे. फॉस्फेटच्या खडकातले मुख्य खनिज फ्लुओरॲपटाइट. त्याच्या एका घटकात पाच कॅल्शियम, तीन फॉस्फेट आणि एक फ्लुओरिन. यावर सल्फ्युरिक आम्ल ओतले की फॉस्फरिक आम्ल सुटते आणि कॅल्शियम जिप्सम होऊन खाली बसते. संतुलित समीकरण असे:

फ्लुओरॲपटाइट १ + सल्फ्युरिक आम्ल ५ + पाणी १० → फॉस्फरिक आम्ल ३ + जिप्सम ५ + हायड्रोजन फ्लुओराइड १

इथे प्रमाण पाचास तीन झाले. विद्यार्थ्यांचे गणित सर्वाधिक वेळा चुकते ते इथेच, आणि चूक लगेच दिसत नाही, कारण सल्फ्युरिक आम्ल आणि फॉस्फरिक आम्ल या दोघांचे रेणुवस्तुमान योगायोगाने ९८ च आहे. ‘जितके किलो हे, तितके किलो ते’ असे मनात सहज बसते. प्रत्यक्षात ४९० किलो सल्फ्युरिक आम्ल खर्च झाले तर फॉस्फरिक आम्ल मिळते २९४ किलो.

पाचवी पायरी: फॉस्फरिक आम्लाच्या एका मोलला अमोनियाचे दोन मोल, त्यातून डीएपीचा एक मोल. ९८ आणि ३४ मिळून १३२. कारखान्यात हे एका दमात करत नाहीत. आधी अमोनिया आणि आम्लाचे प्रमाण १.४ च्या आसपास ठेवतात, कारण त्या प्रमाणाला मिश्रण सर्वाधिक विरघळलेले आणि पातळ राहते. मग फिरत्या पिंपात दाणे पडत असताना उरलेला अमोनिया देऊन प्रमाण दोनच्या जवळ नेतात. यंत्र चालवणारा माणूसदेखील मोलांच्याच प्रमाणावर नजर ठेवतो.

एक टन गंधकाचा हिशेब

रीत एकच: सुरुवातीला किलोंचे मोल करायचे, सगळी वाटचाल मोलमध्येच करायची आणि शेवटच्या पदार्थापाशी पोहोचल्यावर पुन्हा किलोंमध्ये यायचे.

१,००० किलो गंधक भागिले ३२ म्हणजे ३१.२५ किलोमोल. पहिल्या तीन पायऱ्या एकास एक, म्हणून सल्फ्युरिक आम्ल ३१.२५ किलोमोल. चौथ्या पायरीत पाचास तीन: ३१.२५ गुणिले ३ भागिले ५ म्हणजे फॉस्फरिक आम्ल १८.७५ किलोमोल. पाचव्या पायरीत आम्ल ते डीएपी एकास एक, म्हणून डीएपी १८.७५ किलोमोल. १८.७५ गुणिले १३२ म्हणजे २,४७५ किलो. काहीही वाया गेले नाही असे धरले तर एक टन गंधकामागे जवळजवळ अडीच टन डीएपी.

*चौकट: १,००० किलो गंधकामागे (कुठेही घट नाही असे धरून)*

सल्फ्युरिक आम्ल: ३१.२५ किलोमोल × ९८ = ३,०६२.५ किलो
फ्लुओरॲपटाइट: ६.२५ किलोमोल × ५०४ = ३,१५० किलो
फॉस्फरिक आम्ल: १८.७५ किलोमोल × ९८ = १,८३७.५ किलो
जिप्सम: ३१.२५ किलोमोल × १७२ = ५,३७५ किलो
अमोनिया: ३७.५ किलोमोल × १७ = ६३७.५ किलो
डीएपी: १८.७५ किलोमोल × १३२ = २,४७५ किलो

पडताळा घेण्याची सोपी वाट म्हणजे वस्तुमानाची बेरीज. शेवटच्या पायरीत १,८३७.५ आणि ६३७.५ मिळून २,४७५ भरतात. चौथ्या पायरीत आत जाणारे आम्ल, खनिज आणि १,१२५ किलो पाणी मिळून ७,३३७.५ किलो, बाहेर येणारे फॉस्फरिक आम्ल, जिप्सम आणि १२५ किलो हायड्रोजन फ्लुओराइड मिळूनही तितकेच. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी समीकरण असंतुलित आहे, हे नक्की.

अमोनियाची उपशाखाही याच रीतीने सुटते. नैसर्गिक वायूतला मिथेन आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन होतो, मिथेनच्या एका मोलमागे चार मोल. हायड्रोजनच्या तीन मोलपासून अमोनियाचे दोन. दोन्ही दर लागोपाठ लावले की मिथेनच्या तीन मोलमागे अमोनियाचे आठ. ३७.५ किलोमोल अमोनियाला, भट्टीच्या इंधनाचा खर्च सोडून, २२५ किलो मिथेन पुरतो.

गंधक गेले कुठे?

अशा गणितांत एक आडवाट लोकप्रिय आहे: एका अणूचा माग काढायचा. खडकातला फॉस्फरसचा प्रत्येक अणू अखेर डीएपीत पोहोचतो, म्हणून फॉस्फरसचे मोल मोजले की मधल्या पायऱ्या पाहाव्याच लागत नाहीत. ही युक्ती उत्तम आहे. गंधकाला मात्र ती लागू पडत नाही, कारण शुद्ध डीएपीच्या रेणूत गंधकाचा एकही अणू नाही. टनभर गंधक जाळायचे आणि तयार मालात ते शून्य!

ते सगळे जिप्सममध्ये जाते. खडकातल्या प्रत्येक कॅल्शियमला एक सल्फेट धरून ठेवायचे असते, तेव्हाच फॉस्फेट मोकळे होते. खनिजात कॅल्शियम पाच आणि फॉस्फेट तीन, म्हणून पाचास तीन. समीकरणातला हा अंक पाठ करण्याची गरज उरत नाही. तो खनिजाच्या घडणीतून येतो. गंधकाच्या जागी नायट्रिक आम्लाने खडक फोडण्याचीही पद्धत आहे. मुंबईत ट्रॉम्बेला आरसीएफ ही खतकंपनी तयार करत असलेले ‘सुफला’ हे या नायट्रोफॉस्फेट घराण्यातले खत. नायट्रिक आम्लाचा एक रेणू कॅल्शियमची अर्धीच गरज भागवतो, म्हणून तिथे पाचाऐवजी दहा मोल आम्ल लागते आणि प्रमाण दहास तीन होते.

सारण संपले की पारी उरते

उकडीचे मोदक करताना वीस पाऱ्या झाल्या आणि सारण पंधरांपुरतेच निघाले, तर मोदक पंधराच होतात. उकड कितीही असो, संख्या सारण ठरवते. अभिक्रियेत आधी संपणाऱ्या पदार्थाला मर्यादाकारी अभिकारक म्हणतात. कमी वजनाचा पदार्थ आधी संपतो असे नाही. गरजेच्या मानाने ज्याचे मोल कमी, तो आधी संपतो.

वरच्या हिशेबात फॉस्फरिक आम्ल १,८३७.५ किलो तयार आहे, पण अमोनिया ६३७.५ ऐवजी ५१० किलोच मिळाला असे समजू. ५१० भागिले १७ म्हणजे ३० किलोमोल. गरज ३७.५ ची. डीएपी किती होईल? ३० चे निम्मे १५ किलोमोल, हे पहिले सुचणारे उत्तर चुकीचे आहे. आम्ल अमोनियाचा पहिला रेणू आधी घेते आणि मोनोअमोनियम फॉस्फेट, म्हणजे एमएपी, होते. सगळ्या आम्लाला एकेक रेणू मिळाला की मगच दुसऱ्याची पाळी. पंगतीत सगळ्यांना एकेक वाढून झाल्यावर दुसरी फेरी निघते, तसे.

पहिल्या फेरीत १८.७५ किलोमोल अमोनिया खर्च झाला. उरला ११.२५. तेवढेच एमएपी पुढे जाऊन डीएपी होईल: ११.२५ किलोमोल, म्हणजे १,४८५ किलो. बाकीचे ७.५ किलोमोल एमएपीच राहील. त्याचे रेणुवस्तुमान ११५, म्हणून ८६२.५ किलो. दोन्ही मिळून २,३४७.५ किलो, आणि आम्ल व अमोनियाची बेरीजही बरोबर तितकीच.

घट गुणली जाते

प्रत्यक्षात कुठलीच पायरी पूर्ण शंभर टक्के होत नाही. दोनदा शोषण करणाऱ्या आधुनिक आम्लकारखान्यात सल्फर डायऑक्साइडचे रूपांतर ९९.५ टक्क्यांच्या वर जाते. खडक फोडण्याच्या पायरीत घट अधिक, कारण थोडे फॉस्फेट जिप्समच्या कणांत अडकून जाते. उदाहरणापुरते आम्लाला ९९.५, खडकाला ९५ आणि शेवटच्या पायरीला ९८ टक्के धरू. इथे घटीचे टक्के एकमेकांत मिळवून शंभरातून वजा करणे किंवा टक्केवारींची सरासरी काढणे, दोन्ही चूक. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून उरलेल्यावर काम करते, म्हणून गुणाकार: ०.९९५ × ०.९५ × ०.९८ = ०.९२६. मग २,४७५ चे होतात सुमारे २,२९३ किलो. तीनच पायऱ्यांत फरक थोडा वाटतो. औषधे बनवताना दहा-दहा पायऱ्या असतात. तिथे प्रत्येक पायरी ९० टक्के साधली तरी शेवटी सुमारे ३५ टक्केच माल उरतो. लांब साखळीत प्रत्येक पायरीची काळजी का घ्यावी लागते, ते या एका गुणाकारात दिसते.

उलट दिशेने

गणित मागेही चालवता येते. एका गोणीत फॉस्फरस ३२४ मोल. त्यासाठी गंधक लागले ३२४ गुणिले ५ भागिले ३, म्हणजे ५४० मोल. ३२ ने गुणले की १७.२८ किलो. जिप्समही ५४० मोल, आणि १७२ ने गुणले की जवळजवळ ९३ किलो. बांधावर उतरलेल्या ५० किलोच्या गोणीमागे तिच्या पावणेदोन पटींहून अधिक वजनाचे जिप्सम कारखान्याजवळ साठलेले असते. खडकातल्या इतर अशुद्धीही त्यात उतरतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून मोठाच असतो. हा ढीग जगभरच्या फॉस्फेट कारखान्यांपुढचा मोठा प्रश्न आहे, आणि तो पाचास तीन या प्रमाणातूनच जन्मतो.

जुलै २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांनी मादेनशी दरवर्षी ३१ लाख टन डीएपी घेण्याचा पाच वर्षांचा करार केला. गोणीचा हिशेब तेवढ्याला लावला तर कुठेही घट न धरता वर्षाला सुमारे १०.७ लाख टन गंधक लागते, आणि मागे राहते सुमारे ५७.६ लाख टन जिप्सम.